खड्ड्याची भरपाई आणि केसपेपरवरचे दोन शब्द

'खड्ड्यात पडून हात मोडला तरी दाद मागायची कोणाकडे, नशीब म्हणून गप्प बसायचे', हे मत मला पटत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2025 मध्ये राज्यातल्या खड्ड्यांच्या प्रश्नावर दिलेल्या आदेशानुसार, खड्डा किंवा उघडे मॅनहोल यांमुळे मृत्यू झाल्यास वारसांना 6 लाख रुपये आणि जखमी झाल्यास दुखापतीच्या स्वरूपानुसार 50 हजार ते अडीच लाख रुपये भरपाई द्यायची आहे, आणि ती रक्कम पुढे जबाबदार अधिकारी वा ठेकेदार यांच्याकडून वसूलही करता येते.

खरी अडचण पुराव्याची असते. काही वर्षांपूर्वी पुण्यातल्या धनकवडीत ठेकेदाराने अर्धवट बुजवलेल्या चरात माझी दुचाकी आडवी झाली आणि उजवे मनगट मोडले, केसपेपरवर मात्र 'घसरून पडल्याने' एवढेच लिहिले गेले, आणि मीही (वेदनेत कोण वाचतो!) ते वाचले नाही. तिसऱ्या दिवशी भाऊ फोटो काढायला गेला तेव्हा चरावर ताजी खडी आणि मुरूम होता. म्हणून डॉक्टरांना कारण स्पष्ट लिहायला सांगावे, फोटो त्याच दिवशी, आजूबाजूची दुकाने दिसतील असा काढावा आणि पोलीस ठाण्यात नोंद करून तिची प्रत जपून ठेवावी.