मदत हवी आहे: रीफ टँकचा लाइट किती टक्के, किती तास? हॅमर कोरल पांढरा पडतोय

आमटीभात

नमस्कार मंडळी,

गप्पीवाले आणि गोल्डफिशवाले इथे बरेच दिसतात. खाऱ्या पाण्यातलं कुणी असेल तर जरा मदत करा.

मी न्यू जर्सीत असतो. मार्चअखेर 40 गॅलनचा, म्हणजे साधारण 150 लिटरचा रीफ टँक लावला, म्हणजे मासे आणि जिवंत प्रवाळ (कोरल) असलेला खाऱ्या पाण्याचा टँक. लांबी 36 इंच, रुंदी 18, उंची 16. दोन क्लाउनफिश, एक रॉयल ग्रामा मासा, गोगलगाई, दोन-चार खेकडे. कोरलमध्ये झोआ, दोन मशरूम, एक डंकन आणि मधल्या दगडाच्या अगदी माथ्यावर हॅमर. हा हॅमर माझा लाडका. ऑगस्टमध्ये आणला तेव्हा पाणी थोडं हललं तरी पंजाएवढा फुलून डोलायचा.

लाइट एकच, वापरलेला घेतलेला 90 वॅटचा एलईडी, पाण्यापासून 6 इंचांवर. निळा, पांढरा, लाल, हिरवा असे चार चॅनल फोनवरून कमी-जास्त करता येतात. ऑक्टोबरपर्यंत सगळं 40 टक्क्यांवर होतं आणि बरं चाललं होतं. मग हॅमर तपकिरी दिसायला लागला. दुकानात फोटो दाखवला तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, लाइट फार कमी आहे, दुप्पट कर. मी आज्ञाधारक. त्याच रात्री निळा 80, पांढरा 50 केला. सकाळी 8 ते रात्री 10, मधे चढ-उतार काही नाही, बटण दाबल्यासारखा चालू आणि बंद. ऑफिसातून यायला मला 7 वाजतात, टँक बघायला मिळावा म्हणून 10 पर्यंत.

आता तीन आठवडे झालेत. हॅमरच्या तीन डोक्यांपैकी वरची दोन फिक्कट झाली आहेत. चुन्यासारखी पांढरी नाहीत, पाणी घातलेल्या दुधासारखी, आतला सांगाडा दिसतोय. काचेवर रोज तपकिरी थर, दगडावर हिरवे केस. डाव्या कोपऱ्यातल्या मशरूमचं उलटंच, मान उंच करून ताणून बसल्यासारखा लांब झालाय. एकाच टँकमध्ये एकाला जास्त आणि एकाला कमी, असं होतं का?

शेवाळ वाढलं म्हणून फॉस्फेट शोषणारी तांबूस खडी, जीएफओ, फिल्टरमध्ये टाकली आहे. बाकी आकडे: खारटपणा 1.025, तापमान 25.5, क्षारता 8.4 डीकेएच, कॅल्शियम 420, नायट्रेट 2, फॉस्फेट शून्य.

लाइट नक्की किती ठेवू आणि किती तास? घरात आता "तुझा दिवा" या विषयावर बोलायची बंदी आहे, म्हणून इथे आलो.

पाणकोंबडी

तीन दिवस पूर्ण अंधार करा, टँकवर चादर टाका. माझ्याकडे डायनो, ते चिकट तपकिरी शेवाळ, आले होते तेव्हा हेच केलं. साफ गेले.

जुनंखोड

पाणकोंबडी, तो उपाय डायनोफ्लॅजेलेटवर ठीक. इथे कोरल आधीच उपाशी आहे, त्यात अंधार म्हणजे दुष्काळात तेरावा महिना.

आमटीभात, मी सिंगापुरात आहे, बारा वर्षं रीफ ठेवतोय, त्यातली पहिली तीन फक्त चुका करण्यात गेली. तुमची चूक माझ्या यादीत दुसऱ्या नंबरवर आहे, तेव्हा वाईट वाटून घेऊ नका.

आधी तपकिरी रंगाचं बघू, कारण गोंधळ तिथून सुरू झाला. कोरलच्या पेशींमध्ये सूक्ष्म शैवालं राहतात, झूझँथेली म्हणतात त्यांना. ती प्रकाशावर अन्न करतात आणि त्यातला मोठा वाटा कोरलला देतात. भाडेकरूच म्हणा, भाडं साखरेत. प्रकाश कमी असला किंवा पाण्यात नायट्रेट-फॉस्फेट मुबलक असलं की भाडेकरूंची संख्या वाढते, आणि त्यांचा रंग तपकिरी असल्याने कोरलही तपकिरी दिसतं. ऑक्टोबरात हॅमर फुलत होता ना? मग तो आजारी नव्हता, फक्त तुम्हाला देखणा वाटत नव्हता.

मग एका रात्रीत प्रकाश दुप्पट झाला. इतका प्रकाश भाडेकरूंना पचत नाही, त्यांच्याकडून घातक ऑक्सिजन तयार होतो आणि घरमालक जीव वाचवायला त्यांना बाहेर काढतो. त्यालाच ब्लीचिंग म्हणायचं. त्यात तुम्ही जीएफओ टाकून फॉस्फेट शून्यावर आणलंत. जोरदार प्रकाश आणि रिकामं पाणी ही जोडी सगळ्यात वाईट. सांगाड्यावर मांस शिल्लक आहे तोवर कोरल जिवंत आहे, भाडेकरू परत येतात.

आता आकडे. टक्के विसरा. तुमचे 80 टक्के आणि माझे 80 टक्के यांचा एकमेकांशी संबंध नाही. लाइट कुठला, किती उंच, पाणी किती खोल, यावर सगळं ठरतं. मोजायचा असतो पार (PAR). वडाचा नव्हे. 400 ते 700 नॅनोमीटरमधला, प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणारा प्रकाश एका चौरस मीटरवर सेकंदाला किती पडतो, तो आकडा. मशरूमला 50 च्या आसपास पुरतो. झोआ आणि डंकन 80 ते 150 मध्ये खूश. हॅमर आणि टॉर्च नावाचं कोरल यांना 100 ते 150. 250-300 च्या वरचं जग ॲक्रोपोरा नावाचं कोरल ठेवणाऱ्यांचं, तिकडे तुम्ही अजून जाऊ नका.

तास त्याच्याइतकेच महत्त्वाचे, कारण कोरलच्या पोटात जाते ती दिवसभराची बेरीज. हिशेब साधा आहे: पार गुणिले तास गुणिले 3600, भागिले दहा लाख. 150 पार 9 तास म्हणजे 4.9. माझा अंदाज, तुमच्या दगडाच्या माथ्यावर 300 च्या वर पडत असणार. 300 धरले तरी 14 तासांचे 15 होतात. तुम्हाला वाटलं दुप्पट केलं, हॅमरच्या दृष्टीने गरजेच्या तिपटीच्या वर गेलं.

मशरूमचं कोडं तर सोपं. 36 इंचाच्या टँकवर एकच लाइट. असे लाइट साधारण 24 इंच लांबी नीट व्यापतात. मधोमध ऊन आणि कोपऱ्यात संध्याकाळ, दोन्ही एकाच वेळी.

आज रात्री दोन गोष्टी करा. निळा परत 40 वर, पांढरा 15 वर. कमी करताना हप्ते लागत नाहीत, वाढवताना लागतात, आठवड्याला पाच टक्क्यांहून जास्त नाही. आणि जीएफओ निम्मी काढा, उरलेली आठवड्याने. फॉस्फेट 0.03 ते 0.1 आणि नायट्रेट 5 ते 10 च्या दरम्यान यायला हवं. बाकी कशाला हात लावू नका. हॅमर खाली हलवायचा मोह होईल, तोही टाळा.

वेळापत्रकाचं म्हणाल तर कोरलला तुमच्या ऑफिसचं घड्याळ कळत नाही. त्याचा दिवस दुपारी सुरू करा. 12 ला निळा हळूहळू चढायला लागू दे, 1.30 ते 9.30 पूर्ण, 10.30 ला काळोख. तुम्ही घरी येता तेव्हा टँक भर दुपारी असेल. पांढरा रंग आपल्या डोळ्यांसाठी असतो. कोरलच्या भाडेकरूंना निळा, 450 नॅनोमीटरच्या आसपासचा, जास्त मानवतो, कारण समुद्रात लाल प्रकाश पहिल्या काही मीटरांतच संपतो. रात्रभर निळा मूनलाइट लावू नका, त्यांनाही अंधार लागतो.

आमटीभात

काय उत्तर दिलंत! रात्रीच 40 आणि 15 केलं. पार मोजायला फोनवरचं लक्स ॲप चालेल का?

जुनंखोड

नाही. लक्स माणसाच्या डोळ्याच्या हिशेबाने मोजतात, डोळा हिरव्या-पिवळ्याला सगळ्यात जास्त गुण देतो आणि निळ्याला जवळपास नापास करतो. तुमचा लाइट बहुतांश निळा. तुमच्याकडे रीफ क्लब किंवा दुकानं पाण्यात बुडणारा मीटर आठवड्यासाठी भाड्याने देतात. अपोजी कंपनीचा 510 मिळाला तर उत्तम. जुनी 200 मालिका मिळाली तर ती निळा कमी दाखवते, एवढं ध्यानात ठेवा.

मुळामुठा

छान धागा. अवांतर: हे सगळं पुण्यात करता येईल का? दुकानात क्लाउनफिश दिसतात, एकाकडे हॅमरसारखंच काहीतरी दिसलं होतं.

तारकर्लीकर

क्लाउनफिश ठेवा खुशाल. हॅमरसारखं जे टणक सांगाड्याचं असतं ते मात्र नको. सगळे टणक प्रवाळ 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीत. दुकानदार काय सांगतो याला अर्थ नाही.

प्रवाळ बघायचं तर मालवणात या. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पाण्यात आहे. पावसाळ्यानंतर पाणी निवळलं की बरं दिसतं. तुमच्या टँकसारखं चकचकीत नाय हां, पाणी गढूळच जास्त. पण मिणमिणत्या प्रकाशात पण ते जगतं, ह्या धाग्याला धरूनच सांगतो.

आमटीभात

मीटर मिळाला, 510 च. शनिवारी सकाळी शर्टाच्या बाह्या वर करून बसलो. आधी मुद्दाम दहा मिनिटं जुनी सेटिंग लावून मोजलं, 80 आणि 50 वर. दगडाचा माथा 340. मधली वाळू 150. डावा कोपरा 45. जुनंखोड, तुमच्या अंदाजाला सलाम. माझा हिशेब तर 17 वर गेला.

मग लाइट 9 इंचांवर उचलला आणि निळा थोडा-थोडा बदलून बघितला. 45 वर माथा 145, मधली वाळू 80, कोपरे 40. प्रकाश जरा पसरलासुद्धा. आता तिथेच ठेवलाय.

पण खरी गंमत पुढे. साडेबाराला सहज परत मीटर बुडवला तर माथ्यावर 390! मला वाटलं मीटर बिघडला. लाइट पूर्ण बंद केला, तरी 260. दहा मिनिटं मी टँकभोवती फिरतोय, हातात वायर, गुडघ्यापर्यंत पाणी सांडलेलं. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "अरे, मॅपल झडला की." समोरचा मॅपल. दक्षिणेची खिडकी. उन्हाळाभर पानांची सावली होती, ऑक्टोबरअखेर सगळी पानं गेली आणि रोज दुपारी 12 ते 2.30 टँकवर थेट ऊन. मी ऑफिसात, ती वरच्या मजल्यावर कामात. कुणाला कळणार?

म्हणजे दुकानातल्या मुलाचा सल्ला आणि पानगळ एकाच आठवड्यात आले.

जुनंखोड

वा! हे मला सुचायला हवं होतं, पण सिंगापुरात पानगळ विसरायला होते. तुमच्याकडे अक्षांश 40 च्या जवळपास. जूनमध्ये दुपारचा सूर्य 73 अंशांवर असतो, खिडकीवरच्या छज्ज्यामुळे आत येत नाही. डिसेंबरात तो 27 च्याही खाली उतरतो आणि थेट खोलीत घुसतो. त्या काचेवरचं शेवाळही त्याच उन्हाचं असणार. टँकच्या मागच्या-बाजूच्या काचांना काळा कागद लावा किंवा खिडकीला जाड पडदा.

पाणकोंबडी

पडदा लावा. मी अंधार म्हणालो होतो, अर्धा तर बरोबर निघालो.

आमटीभात

जानेवारीतली खबर. पडदा लावला. जीएफओ बंद. फॉस्फेट 0.05, नायट्रेट 6. माशांचं खाणं थोडं वाढवलं आणि हॅमरला आठवड्यातून दोनदा मायसिस कोळंबीचा छोटा तुकडा चिमट्याने भरवतो. आधी नुसता आखडायचा, आता चिकटवून घेतो.

वरच्या दोन डोक्यांपैकी एक गेलं. मांस सुटून सांगाडा उघडा पडला, तो फोटो टाकवत नाही. दुसऱ्याच्या बुडाशी डिसेंबरात तपकिरी ठिपके आले. हो, तपकिरी! ज्या रंगाला घाबरून मी हे सगळं केलं तोच रंग रोज सकाळी टॉर्च घेऊन शोधत होतो. आता ते डोकं निम्मं तरी फुलतं. काचा तीन-चार दिवसांनी पुसतो. मशरूम कोपऱ्यातच ठेवलाय, चपटा होऊन बसला आहे.

एक शेवटचं. मार्चमध्ये इथे घड्याळ एक तास पुढे जाईल, तेव्हा लाइटचं ॲपही आपोआप सरकेल. ते थांबवू का?

जुनंखोड

एका तासाने काही होत नाही, सरकू द्या. पडद्याला मात्र मॅपलला पालवी फुटेपर्यंत हात लावू नका.