गंजिफाचे कानातले: हाताने रंगवलेले की छापील?

वेंगुर्ल्याची:
भाची लंडनला असते. तिने या खेपेला व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाच्या दुकानातून कानातले आणले. विल्यम मॉरिसने १८८३ साली कापडासाठी एक नक्षी काढली होती, बागेतल्या स्ट्रॉबेरी पळवणाऱ्या पक्ष्यांची. त्यातलाच पक्षी कानात लोंबतोय. सुरेख आहेत, पण मनात आलं, आपल्या सावंतवाडीच्या गंजिफा, म्हणजे ते हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते, काय वाईट आहेत? जानेवारीत पुतणीचं लग्न आहे, ओटीबरोबर बायकांना तसं काही द्यावं म्हणते. बाजारात एका स्टॉलवर दीडशेला जोड मिळतोय, वर कासव. विकणारा म्हणतो हातकाम. ओळखायचं कसं?

बंदरावरचो:
दीडशेत हातकाम? गो बाय, दीडशेत आमका सुरमयेची एक तुकडी गावना नाय.

रंगपेटी:
वेंगुर्लेताई, दोन कानातले शेजारी ठेवा आणि कासवांच्या पायांकडे बघा. दोन्हींचे पाय हुबेहूब सारखे असतील तर ते छापील. मी दोन पावसाळे हे शिकलेय; एकाच हाताने सलग दोन कासवं काढली तरी दुसरं थोडं जाडंच होतं. भिंग असेल तर रेघेच्या टोकाकडे पाहा. कुंचला उचलला की रेघ निमुळती होते, छपाईत बारीक ठिपके दिसतात.

कासव म्हणजे कूर्माचा रंग (रंग म्हणजे पत्त्यांतला गट, इस्पिक-बदामसारखा). दशावतारी गंजिफात दहा रंग, प्रत्येकी बारा पानं: राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दहापर्यंत. एकूण १२०. मत्स्याच्या पानांवर मासे, परशुरामाच्या पानांवर परशू. पानं मुळात गोल, त्यामुळे कानातल्याला आकार आयता मिळतो. मी असते तर मत्स्याचा एक्का घेतला असता, दोन्ही कानांत एकेक मासा. (बांगडा का, असं कुणी विचारू नका, आमच्या घरी विचारून झालंय.)

सावंतवाडीला मोती तलावासमोरच्या राजवाड्यात जा. दरबार हॉलमध्ये कलाकार बसून रंगवतात, तिथेच विक्रीही आहे. ही कला मागे पडत चालली होती, तेव्हा सावंतवाडीच्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी ती पुन्हा उभी केली. रंगवणाऱ्याला समोर बसून काम करताना पाहिलं की भाव का जास्त, ते विचारावं लागत नाही. तेवढं बजेट नसेल तर छापीलच घ्या, पण छापील म्हणून घ्या. लंडनच्या दुकानातही मूळ कापड कुणी विकत नाही, नक्षीच विकतात. राग खोट्या ‘हातकामा’चा आहे.

वेंगुर्ल्याची:
बाई, पाय मोजले. चारही कासवं जुळी! माझ्या जोडातली दोन आणि जावेच्या जोडातली दोन. आता राजवाड्यातच जाते. अजून एक, गंजिफावरचं लाखेचं काम आपल्या दमट हवेत टिकतं का?

रंगपेटी:
हवेचं फार वाटत नाही, अत्तर-स्प्रेचं वाटतं. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, आणि स्प्रेत स्पिरिट असतं. स्प्रे आधी मारायचा, तो सुकला की मग कानातले. आणि उष्णता. माझ्या वहिनीने लाखेच्या ट्रेवर वाफाळत्या चहाचा कप ठेवला, त्याचं पांढरं वर्तुळ अजून गेलेलं नाही. आता ती त्यावर फुलदाणी ठेवते आणि सगळ्यांना सांगते, जागाच तिची.

बंदरावरचो:
वाड्यात जाशात तर चितारआळीतसून लाकडी फळांचो सेट पण घेवा. ओटयेत नारळ, कानात मासो, पोरांक लाकडी आंबो.

वेंगुर्ल्याची:
आंब्याचं पटलं. किती बायका आहेत ते मोजून शनिवारी निघते.