मदत हवी आहे: उबुंटू अपग्रेडनंतर लॅपटॉपचा कीबोर्ड बंद पडलाय

नमस्कार मंडळी. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे, हिशेब मी बघते. रविवारी उबुंटू (लिनक्सवर चालणारी ऑपरेटिंग सिस्टिम) २२.०४ वरून २४.०४ वर अपग्रेड केलं आणि तेव्हापासून लॅपटॉपचा कीबोर्ड चालतच नाही. टचपॅड चालतंय. यूएसबीचा बाहेरचा कीबोर्डही चालतो, हे त्याच्यावरच टाइप करतेय.

नवी पेठेतल्या दुकानात दाखवला तर बघताक्षणी “कीबोर्ड बदला” म्हणाले. मला ते पटत नाही. बायोसमध्ये (उबुंटू सुरू होण्याआधीच्या मूळ सेटिंगमध्ये) बटणं चालतात, ग्रबच्या (काय सुरू करायचं ते निवडण्याच्या) मेन्यूत बाणही खालीवर होतात, पण लॉगिनच्या पडद्यावर आलं की एक अक्षर उमटत नाही. आणि ग्रबमधून जुना कर्नल (सिस्टिमचा गाभा) निवडला की कीबोर्ड एकदम ठणठणीत! मग बटणं खराब कशी असतील?

पुष्कळ लॅपटॉपचा कीबोर्ड आय८०४२ कंट्रोलरवरून चालतो. त्यासाठी कर्नलला ‘आय८०४२.डंबकेबीडी’ हा पर्याय देता येतो, त्यात कर्नल कीबोर्डकडून फक्त वाचतो, त्याला हुकूम देत नाही, म्हणून कॅप्स लॉकचा दिवा लागत नाही, तेवढं चालेल मला. ग्रबमध्ये ‘ई’ दाबून आधी एकदाच तात्पुरता लावून बघावा असा विचार आहे. कुणी केलंय का? की त्याच कंट्रोलरचा ‘नोपीएनपी’ (कीबोर्ड शोधताना बायोसच्या माहितीवर न विसंबण्याचा) पर्याय आधी लावून बघू?

दुसरं, तोवर जुना कर्नलच आपोआप सुरू व्हावा यासाठी काय करायचं? ऑटोरिमूव्हमध्ये (नको असलेली जुनी पॅकेजेस काढणाऱ्या आज्ञेत) तो उडून जाईल याची खरी धास्ती आहे. शनिवारी कामगारांचा पगार काढायचाय, जाणकारांनी कृपया लवकर सांगा.