बिका हुआ माल वापस नहीं होगा! तुमचे किस्से सांगा

रामबागची सून
आज माळा आवरताना सासूबाईंच्या पेटीत एक पावती सापडली. आपल्या इंदूरच्या शीतलामाता बाजारातली, महेश्वरी साडीची. खाली ठसठशीत शिक्का: 'बिका हुआ माल वापस नहीं होगा.'
लग्नानंतरचं पहिलंच वर्ष. घरी येऊन घडी मोडली तर पदराजवळ बोटभर चीर. परत घेऊन गेले, शेठजींनी शिक्क्यावर बोट ठेवलं, मी मुकाट घरी. सासूबाईंनी चपला घातल्या, दुकानात गादीवर बसल्या नि म्हणाल्या, "माल बिका हुआ है या फटा हुआ, पहले ये तय कर लो." दहा मिनिटांत दुसरी साडी, वर चहा.
तुमचंही असं काही?

पोहेजलेबी
सासूबाईंना दंडवत!!

सुदामानगरकर
मिक्सर. दुसऱ्या दिवशी जळाला. दुकानदार म्हणे सर्व्हिस सेंटर, सर्व्हिस सेंटर म्हणे दुकानदार. महिनाभर पाट्यावर चटणी. बायको अजून ऐकवते.

जुना_कारकून
त्या शिक्क्याला घाबरू नका. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे. पैसे परत द्यायची मुदत पावतीवर लिहिली असेल ती, नसेल तर 30 दिवस. पावती न देणंही त्यातच. पण माल सदोष हवा हं. रंग आवडला नाही, वहिनींना घट्ट झाला, तिथे दुकानाने बदलून द्यायचं ठरवलं असेल तरच.

पोहेजलेबी
म्हणजे माझी केस गेली काका. जीन्स घेतली तेव्हा बसत होती, मग रात्री सराफ्यातल्या खाऊगल्लीत तळलेला गराडू कंद खाऊन राहिलो ना महिनाभर.

आईची_धावपळ
मॉलमध्ये कुर्ता परत केला तर पैसे नाहीत, क्रेडिट नोट. पर्समध्ये ठेवून विसरले. मुदत तीन महिने, तीही मागच्या बाजूला बारीक अक्षरात. 1,200 रुपये गेले. आणि मॉलच्या त्या गुळगुळीत पावत्यांची शाई उडते, घरी आल्याबरोबर फोटो काढा. माझी एक आता कोरी आहे, नुसता कागद. कुकर झाला, नंतर लिहिते

सुदामानगरकर
काका, मिक्सरचं तेव्हा काय करायला हवं होतं?

जुना_कारकून
1915 ला फोन. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, हिंदीतही बोलतात. तिथे नाही सुटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फी नाही.

सुदामानगरकर
हे आधी कळलं असतं तर पाटा विकून टाकला असता.

आईची_धावपळ
विकू नका हो, पाट्यावरची चटणी ती चटणी. ताई, ती साडी आहे का अजून?

रामबागची सून
आहे. सासूबाईंच्या वर्षश्राद्धाला नेसले होते. पावती परत पेटीतच ठेवली.

पोहेजलेबी
शीतलामाताला गाडी कुठे लावता तुम्ही लोक?

रामबागची सून
घरी. रिक्षाने जा भाऊ.