पेंच नदी राज्याची सीमा बघत नाही
कोरोनानंतर आधी आपापल्या राज्याची घडी बसवा, हवामानबदलावर राज्याराज्यांनी मिळून काम करणं मग बघू, असं काही जण म्हणतात; ते मला अजिबात पटत नाही. नागपूरला पाणी पाजणारी पेंच मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यातून येते. तिकडे वर चौराई धरण झालं, त्यात पाऊस लांबला आणि जुलै २०१९ मध्ये नागपूरला पाणी देणारं तोतलाडोह धरण आटलं. आमच्याकडे एक दिवसाआड नळ. आई टाकीच्या तळाचं गढूळ पाणी फडक्याने गाळून भांड्यांना वापरायची.

एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाच्या लाटेत दुसऱ्या राज्यातल्या विशाखापट्टणमहून ऑक्सिजनची रेल्वे नागपूरला आलीच ना? तशीच निकड पाण्याबाबतही आहे. नागपुरातल्या भांडेवाडीचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी कोराडीच्या वीजकेंद्राला जातं, तेवढं पेंचचं पाणी वाचतं. पण वरच्या धरणाचं काय? पावसाळ्याआधीच दोन्ही राज्यांनी एकत्र बसून पाणी सोडायचं ठरवायला हवं.