अंब्रेला पामची टोकं करपताहेत, गड्डा आत्ता फोडू की पावसाची वाट पाहू?

नमस्कार. कोल्हापुरात आमच्या गच्चीवर तीन वर्षांचा अंब्रेला पाम आहे. नावात पाम असला तरी हा सायपरस, म्हणजे आपल्या लव्हाळ्या-नागरमोथ्याच्याच कुळातला, त्यामुळे पाणी कधी कमी पडू दिलेलं नाही. १४ इंची कुंडी, काळी माती, शेणखत, खाली पाण्याचं घमेलं. तरी एप्रिलपासून छत्र्यांची टोकं तपकिरी होताहेत. गड्ड्याचा मधला भाग ओस पडलाय, नवे कोंब फक्त कडेने येतात आणि कुंडीच्या भोकातून मुळं बाहेर आली आहेत.

दुपारचं ऊन टाळायला हिरव्या जाळीखाली हलवला, पिवळे दांडे बुडापासून कापले, बोअरचं पाणी बंद करून नळाचं सुरू केलं. तीन आठवडे झाले, फरक नाही. पानांखाली कोळी किंवा मावा दिसला नाही. घमेल्यात गप्पी मासे आहेत, म्हणून औषध फवारायचं नाही. स्लॅबवर वजन नको, त्यामुळे याहून मोठी कुंडीही नको.

एक छत्री कापून पाण्यात उलटी ठेवली होती, तिला छान मुळं फुटली. पण मूळ झाड गमवायचं नाही, फार जीव आहे त्यावर.

गड्डा आत्ता मे महिन्यातच फोडला तर उन्हाने झाड दगावेल का, की जूनचा पाऊस लागेपर्यंत थांबावं? आणि फोडताना कडेचे कोंब ठेवून मधला जुना भाग टाकून द्यायचा का?