मदत हवी आहे: पाड्यावर माहितीपट दाखवायला सेन्सॉर प्रमाणपत्र लागतं का?

नाशिक जिल्ह्यातल्या पेठ-सुरगाणा तालुक्यांच्या पाणीटंचाईवरचा माझा ५२ मिनिटांचा माहितीपट पूर्ण झालाय. पावसाळ्यात तिथे धो धो पाऊस, आणि एप्रिल-मेमध्ये बाया विहिरीत उतरून वाटीवाटीने हंडा भरतात. ज्यांचं चित्रण केलं त्यांनी तो सगळ्यात आधी बघावा, हा माझा हट्ट आहे. नाशिक शहरात नंतर. पाड्यावर समाजमंदिरात पडदा लावू, तिकीट नाही. शहरातल्या एका सभागृहाने मात्र प्रमाणपत्र मागितलं. महोत्सवांना सूट मिळते हे माहीत आहे. सेन्सॉर बोर्डाचं, प्रमाणपत्रासाठी अर्ज करायचं ई-सिनेप्रमाण पोर्टलही पाहिलं, पण मोफत खेळाबद्दल स्पष्ट काही सापडलं नाही. निर्माता नाही, वकील परवडत नाही. बायांची लेखी संमती घेतली आहे. गावोगावी असे खेळ लावलेल्यांनी कृपया सांगा: पाड्यावरच्या विनातिकीट खेळालाही प्रमाणपत्र लागतं, की ग्रामपंचायतीचं पत्र पुरतं?